ओळखीतल्या कामाचे पैसे मागायचे कसे, आणि गाळा घ्यायचा का?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकला सिडकोत राहणारे एक वाचक, वय ४६, आयटीआय फिटर. अंबडच्या एका कंपनीत १९ वर्षं मेंटेनन्सला होते. गेल्या वर्षी कंपनीने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, हिशेबाचे साडेपाच लाख मिळाले ते बँकेत आहेत. घरातली दुरुस्ती पहिल्यापासून स्वतःच करायचे, आता सोसायटीतले आणि आजूबाजूचे लोकही बोलावतात, नळ, फ्लश टँक, पंखा, दाराचं कुलूप, पडद्याचा रॉड, काहीही. पैशाचं कोणी विचारत नाही आणि यांना मागता येत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्लश टँकमध्ये रविवारचे तीन तास गेले, चहा-चिवडा झाला, घरी आल्यावर बायकोने दारातच विचारलं, "किती मिळाले?" आणि त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, सुपरवायझरची १५ हजारांची नोकरी मिळतेय ती घ्या, मुलगी बारावीला आहे. मेहुणा म्हणतो मेन रोडला गाळा घे, १ लाख डिपॉझिट, १२ हजार भाडं, बोर्ड लाव आणि येईल ते काम घे. मोठा भाऊ म्हणतो, एवढी वर्षं कंपनीत काढून आता लोकांचे संडास दुरुस्त करत फिरणार का. त्यांचे प्रश्न: हा धंदा म्हणून होईल का, गाळा घेऊ का, आणि ओळखीच्यांकडून पैसे मागायचे कसे?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं आणि त्यात धंद्याचा सगळ्यात नेमका प्रश्न वहिनींनी विचारलाय असं मला वाटतं. किती मिळाले. तुम्हाला तो टोमणा वाटला, आणि तीन तास वाकून काम करून आलेल्या माणसाला तो लागणारच, पण बघा, मेहुणा बोर्डाबद्दल बोलतोय, भाऊ इज्जतीबद्दल बोलतोय, तुम्ही स्वतः गाळ्याबद्दल विचारताय, आणि घरात येणाऱ्या पैशाबद्दल फक्त त्या बोलल्यात. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही धरून चाललाय की ओळखीच्यांकडून पैसे घेतले की संबंध बिघडतील. पण फुकट करून ते टिकलेत का, ते आधी बघा. काकूंशी तुमचं काही बिघडलं नाही, घरी मात्र बिघडलं. आणि काकूंच्या बाजूनेही विचार करा, ज्यांना संकोच आहे ते लोक एकदा फुकट काम करून घेतल्यावर दुसऱ्यांदा बोलवत नाहीत, बाहेरचा माणूस बघतात, कारण त्यांना ओझं वाटतं. ज्यांना संकोच नाही ते रात्री अकरालाही बोलावतात. म्हणजे फुकट करत राहिलात तर हळूहळू चांगली गिऱ्हाइकं गळत जातात आणि दुसरीच उरतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय फुकट कामाची जबाबदारी काही कमी होत नसते. काकूंचा टँक परत गळायला लागला तर त्या तुम्हालाच बोलावणार आणि तुम्ही जाणार.

मागायची वेळ काम झाल्यावर येते म्हणून अवघड जातं. हातात चहाचा कप आहे, समोर काकू कौतुक करतायत, तेव्हा "तीनशे द्या" कुणाच्याच तोंडून निघणार नाही. तेच फोनवर, घराबाहेर पडायच्या आधी सांगितलं तर त्यात अवघड काही नाही. "काकू, आता मी हे काम रीतसर सुरू केलंय, बघायला यायचे इतके, फ्लशचं काम असेल तर मजुरी साधारण इतकी, सामान लागलं तर त्याचं बिल वेगळं, येऊ का?" एवढंच. काकू हो म्हणतील किंवा बघते म्हणतील, दोन्ही चालेल.

आणि हे एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर एकदाच टाका, सेक्रेटरींना विचारून. काहीतरी असं: "नमस्कार, १ तारखेपासून मी घरगुती दुरुस्तीचं काम व्यवसाय म्हणून सुरू करतोय. नळ, फ्लश, पंखा, कुलूप, ड्रिलिंगची कामं. येण्याआधी फोनवर दर सांगेन, झालेल्या कामाची ३० दिवस जबाबदारी माझी. आतापर्यंत तुम्ही विश्वासाने बोलावलंत त्याबद्दल आभार." यात कोणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट बरेच जण म्हणतील बरं झालं, आम्हालाच बोलवायला कसंतरी वाटत होतं. फुकट कोणाचं करायचं तेही एकदाच ठरवा आणि वहिनींना सांगून ठरवा, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी असतील, तुमची बहीण असेल, दोन-तीन नावं, बस्स. दर वेळी समोरच्याचा चेहरा बघून ठरवायला गेलात तर सगळेच फुकटात बसतील.

आता जरा महत्त्वाचं. घरी दुरुस्ती चांगली येते म्हणजे धंदा येईल असं तुम्ही गृहीत धरलंय, आणि तुम्हीच नाही, असं पत्र लिहिणारे बहुतेक सगळे हेच धरतात. तुमचा हात चांगला आहे यात मला शंका नाही, १९ वर्षं मशीन चालू ठेवलेला माणूस आहे. पण आपल्या घरी काम अर्धवट सोडून पुढच्या रविवारी करता येतं, लोकांच्या घरी येत नाही, आणि काम फसलं की कोणाच्या खिशातून जाणार हा प्रश्न आपल्या घरी कधी पडतच नाही.

अँगल कॉकचंच घ्या, म्हणजे भिंतीतून आलेल्या पाइपवरचा पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक. सिडकोतली वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बिल्डिंग, बाथरूममधला अँगल कॉक गळतोय, गिऱ्हाईक म्हणतं पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही मेन वॉल्व बंद करायला जाता तर तो कित्येक वर्षांत कोणी फिरवलेलाच नाही, जाम झालाय, जोर लावला तर मान तुटेल. मग गच्चीवर जाऊन अख्ख्या विंगचा वॉल्व बंद करायचा, म्हणजे वॉचमनला विचारा, सहा घरांना सांगा, त्यात एका घरी कोणी अंघोळीला गेलेलं असतं. पाणी बंद झालं, पाना लावला, आणि आतली जीआयची निपल, म्हणजे लोखंडी जोडाचा छोटा पाइप, गंजून कागदासारखी झालेली, अर्धे आटे भिंतीच्या आत राहिले. आता टाइल फोडायची. ती टाइल बाजारात मिळत नाही. आणि गिऱ्हाईक म्हणतं, कॉक फक्त गळत होता, तुम्ही तोडलात.

हे प्रत्येक प्लंबरच्या वाट्याला येतं. फरक इतकाच की मुरलेला माणूस पाना लावायच्या आधी बोलतो. "लाइन जुनी आहे, काढताना आत तुटू शकते, तुटली तर टाइल फोडावी लागेल, त्याचा खर्च वेगळा, काढू का?" फोटो काढायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, तिकडून "ओके" आलं की हात लावायचा. घरात सासूबाई हो म्हणाल्या पण पैसे मुलगा देणार असेल तर मुलाचा ओके घ्यायचा. ही सवय तुमच्या हातातल्या कुठल्याही कलेपेक्षा तुम्हाला जास्त वाचवेल. कंपनीत तुम्ही वर्क परमिट घेतल्याशिवाय मशीन उघडत नव्हता ना, तसाच हाही परमिट समजा.

गाळ्याचं सांगते. घेऊ नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. गळका नळ कोणी दुकानात घेऊन येत नाही, तुम्हाला त्यांच्या घरी जावं लागतं, म्हणजे तुम्ही कामावर असताना गाळा बंद आणि गाळा उघडा असताना काम बंद, आणि १२ हजार भाडं दोन्ही वेळा चालू. मेहुण्याच्या मनात वाईट काही नाही, बोर्ड दिसला की धंदा वाटतो आपल्याला, मलाही वाटतो. पण तुमच्या भागात जी दोन-तीन हार्डवेअरची दुकानं आहेत ना, तोच तुमचा काउंटर. लोक वायसर, स्पिंडल, कनेक्शन पाइप घ्यायला तिथे येतात आणि दुकानदारालाच विचारतात, बसवून देणारं कोणी आहे का हो. त्या दुकानदाराकडे तुमचा नंबर असायला हवा, आणि तुम्ही दिलेल्या वेळेला पोचता हे त्याला माहीत असायला हवं.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगते. सामानावर दुकानदाराकडून कमिशन घ्यायची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. गिऱ्हाइकाला ते कळतं, लगेच नाही तर नंतर कळतं, आणि मग ते तुमच्या प्रत्येक बिलाकडे संशयाने बघतं. माझं मत, सामानाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने, जसंच्या तसं दाखवायचं, आणि बाजारात जाऊन आणायचे तुमचे पैसे मजुरीत उघड लावायचे. सुरुवातीला थोडे कमी मिळतील. पण तुमचा माल हा तुमचा शब्द आहे, तो स्वस्तात घालवू नका.

कर्जाचीही आत्ता गरज नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, त्याच्या वर किशोर, तरुण असे गट आहेत, पुढे कधी दोन माणसं हाताखाली घेतलीत, गाडी घेतलीत तर बघू. पाने, पकडी, हॅक्सॉ तुमच्याकडे असणारच. एक चांगला इम्पॅक्ट ड्रिल, ६, ८, १० एमएमचे मेसनरी बिट, पाइप रेंच, मल्टीमीटर, घोडा म्हणजे घडीची शिडी, डोक्याला लावायचा टॉर्च, इतकं झालं की सुरुवात होते. आणि ज्या गोष्टी बाकीचे आणत नाहीत त्या आणा, खाली अंथरायला जुनी चादर, पुसायला फडकी, कचऱ्याला पिशवी. ड्रिलची लाल-पांढरी धूळ सोफ्यावर सोडून जाणाऱ्याला बाईमाणूस परत बोलवत नाही, काम कितीही चांगलं असो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक मारायचं नाही हे तुम्हाला माहीत असेल, वायरीचा पाइप बहुतेक तिथूनच वर जातो, पण गिऱ्हाईक "इथेच हवं" म्हणून हटून बसतं तेव्हा ते आठवायला लागतं.

"येईल ते काम घे" या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. काही कामांना नाही म्हणायचं आधीच ठरवून ठेवा. एक, वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे वायरिंगचं नवीन काम, वाढवणं, फेरफार हे लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच आणि परमिटवाल्या माणसाच्या हातूनच व्हायला लागतं. सूट आहे ती दिवा, पंखा, स्विच, फ्यूज, घरातलं उपकरण बदलण्यापुरती, म्हणजे ज्याने लाइनची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही एवढंच. तुम्ही फिटर आहात, वायरमन नाही. पंख्याचं काम करा, स्विच बदला, पण एसीची नवी लाइन, नवा पॉइंट, मीटरकडची कुठलीही गोष्ट, नाही. लोक म्हणतील तेवढा गिझर इथल्याच सॉकेटला जोडून द्या. गिझर २,००० वॉटचा, २३० व्होल्टवर तो जवळपास ९ अँपिअर ओढतो, आणि समोर आहे ६ अँपिअरचं सॉकेट. तुम्ही जोडून दिलात तर पहिल्या दिवशी काही होणार नाही, गरम होत होत एक दिवस जळेल, आणि त्या घरातलं पोर तेव्हा बाथरूममध्ये असू शकतं. तिथे ओळख, शेजार काही बघायचं नाही, सरळ नाही म्हणायचं.

दोन, गॅस. रेग्युलेटर, नळी, पाइप गॅसची लाइन, कशालाच हात लावायचा नाही, एजन्सीचा मेकॅनिक बोलवा म्हणून सांगायचं. तीन, बिल्डिंगच्या बाहेरच्या बाजूने डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद पोकळीत, उतरून करायची कामं. बेल्ट नाही, खाली पकडायला माणूस नाही, आणि "जरा पाय ठेवा त्या पाइपवर" म्हणणारा घरमालक खिडकीत उभा. असं काम पाच हजारांचं असलं तरी सोडा. नाही म्हणताना मात्र रिकाम्या हाताने म्हणू नका, एक लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन, एक सुतार, एक वॉटरप्रूफिंगवाला यांचे नंबर जवळ ठेवा आणि ते द्या. ते तुमच्याकडे त्यांची छोटी कामं पाठवतील.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर वरच्या घरातून खाली पाणी येतं म्हणून फोन येतील, ती भानगड वेगळीच असते, कारण खरं काम वरच्याच्या बाथरूममध्ये असतं, पैसे खालचा देणार असतो आणि दोघं बोलत नसतात. दोघांनी मिळून बोलावल्याशिवाय जाऊ नका.

आता पैशाचं गणित, जे वहिनींना दाखवायचंय. समजा महिन्याला घरात २५ हजार यायला हवेत. पेट्रोल, फोन, तुटलेले बिट, चुकून मोडलेलं एखादं झाकण, असे ५ हजार धरा. म्हणजे ३० हजार मजुरीचे. महिन्याचे २५ दिवस काम धरलं तर दिवसाला १,२०० रुपये, तीन कामं झाली तर प्रत्येकी ४००. हे अशक्य नाही, पण लगेच होणारही नाही, कारण पहिल्या महिन्यांत दिवसाला तीन कामं येत नाहीत, आणि आली तरी निम्मा दिवस रस्त्यात आणि हार्डवेअरच्या दुकानात जातो, त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही. म्हणून तासावर दर लावू नका, कामावर लावा, आणि यायचा चार्ज वेगळा ठेवा. तुमच्याच भागातल्या तीन-चार प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे दर विचारून या आणि त्यांच्या मधोमध राहा. सगळ्यात स्वस्त होऊ नका, स्वस्तात मिळालेलं गिऱ्हाईक त्याहून स्वस्त कोणी भेटला की जातं.

कामावर दर लावायचा फायदा पंख्यात दिसतो. पंखा हळू फिरतोय, रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी वारा नाही. बहुतेक वेळा कॅपॅसिटर उतरलेला असतो, २.५ एमएफडीचा, वस्तू स्वस्त, काम दहा-पंधरा मिनिटांचं. तासाने दर लावलात तर हातात काहीच पडत नाही आणि नंतर मागितलेत तर गिऱ्हाइकाला वाटतं दहा मिनिटांचे एवढे कसे. आधी सांगितलेला दर असला की मिनिटं कोणी मोजत नाही. आणि कॅपॅसिटर बदलूनही वेग आला नाही तर बेअरिंग बघा, पंखा हाताने फिरवल्यावर अडकतो का, कुरकुरतो का ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने फिरवून बघू द्या, म्हणजे पुढचा खर्च त्यांना पटतो.

कागदपत्रांचं फार नाही. उद्यम नोंदणी आधार नंबरवर सरकारी साइटवर होते आणि ती पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारे एजंट आणि तशाच दिसणाऱ्या साइट खूप आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका. सेवेच्या धंद्यात आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या, क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा, करंट अकाउंट उघडायला गेलात तर बँक उद्यमचा किंवा शॉप अ‍ॅक्टचा कागद मागेल. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच, १५ हजार टूलकिटचे आणि ५ टक्क्याने कर्ज. ती १८ ठरावीक पारंपरिक कामांसाठी आहे, सुतार, गवंडी, कुलूपवाले त्यात आहेत, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत, तेव्हा उगाच सुतार म्हणून फॉर्म भरायला कोणी सांगितलं तर भरू नका. मात्र बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा नक्की घ्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास २ लाखांपर्यंत, आणि तुम्ही घोड्यावर चढून काम करणार आहात. हे मी कोणालाही सांगते, काम सुरू करायच्या आधी.

घरगुती सेवांच्या अ‍ॅपवर जावं का असं तुम्ही विचारलं नाहीत पण बाकीचे वाचक विचारतात. पहिले काही महिने हाताला काम आणि वेळेची शिस्त मिळायला ते बरं, पण गिऱ्हाईक त्यांचं राहतं, रेटिंगची टांगती तलवार राहते, आणि काय काय कापून हातात येणार हे नीट वाचून मगच सही करा. तुम्हाला सोसायटीतूनच फोन येतायत, तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

तुमचा खरा जोर कुठे आहे सांगू का? माझी आत्या डोंबिवलीत एकटी राहते. नळ गळतोय याची तिला तेवढी काळजी नसते जेवढी अनोळखी माणूस घरात येणार याची असते. अकरा वाजता येतो म्हणालेला माणूस चार वाजता येतो, ती तोपर्यंत जेवत नाही, झोपत नाही, आणि आला की बोलायचीही भीती. नाशिकमध्ये अशी किती घरं असतील, मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला, आणि आई-वडील इथे. त्यांना स्वस्त माणूस नकोय, ओळखीचा, वेळेवर येणारा, उशीर होणार असेल तर फोन करणारा, मुलाला फोटो पाठवून "हे असं होतं, असं केलं" सांगणारा माणूस हवाय. धुतलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काम चालू असताना मुख्य दार उघडं ठेवायचं, लागेल तेवढ्याच खोलीत जायचं. हे कंपनीतून आलेला माणूस न सांगता करतो. भावाला वाटतंय तुम्ही खाली उतरताय. पण तो ज्याला संडास म्हणतोय तो बंद पडला की त्याच्या घरीही सगळं थांबतं, आणि तेव्हा त्याला तुमच्यासारखाच माणूस लागणार आहे. त्याच्याशी वाद घालू नका, तो काळजीपोटी बोलतोय, वर्षभराने बोलू द्या.

वहिनींची काळजी मला सगळ्यात रास्त वाटते. महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम, मुलगी बारावीला, पुढे तिची अ‍ॅडमिशन. म्हणून साडेपाच लाखांतले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे बाजूला काढा, १५-२० हजार हत्यारं आणि किरकोळला, आणि उरलेले मुलीच्या नावाने एफडीत, त्याला धंद्याने हात लावायचा नाही, हे वहिनींसमोर ठरवा. आणि ठरलेलं काहीतरी यावं म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांचं मासिक काम घ्या. टाकीचा फ्लोट, जिन्यातले दिवे, पंपाची देखभाल, गेटचं बिजागर, आठवड्यातून एक फेरी. पण यात काय येतं आणि काय नाही ते कागदावर लिहून घ्या, नाहीतर कमिटीतले प्रत्येक जण आपल्या घरचा नळ त्यातच धरतात. पैसे महिन्याच्या कितव्या तारखेला येणार तेही लिहून घ्या. दोन सोसायट्या मिळाल्या की वहिनींची निम्मी झोप परत येईल.

फोन घ्यायचं, वेळा लावायचं आणि हिशेबाचं काम त्यांना द्यावं असं तुमच्या मनात येईल, बऱ्याच घरांत येतं. आधी विचारा. त्यांना करायचं असेल तर त्यांचाही वाटा महिन्याला बाजूला काढा, नाहीतर काकूंच्या फ्लशसारखंच तेही फुकटातलं काम होईल, फक्त करणारं माणूस बदलेल.

यूट्यूब बघून घरची कामं शिकलेले बरेच जण, आणि अलीकडे काही बायकाही, मला हेच विचारतात. बायकांनी जरूर करावं, घरी एकटी असलेली बाई दुसऱ्या बाईला आनंदाने बोलवेल. पण पुरुष असो की बाई, तुमच्यासारखी कंपनीची १९ वर्षं पाठीशी नसतील तर आधी एखाद्या जुन्या प्लंबरबरोबर दोन-तीन महिने फिरा, मिळतील तेवढ्या पैशांत. जाम झालेला वॉल्व आणि चिडलेलं गिऱ्हाईक व्हिडिओत दिसत नाही. हातात कला आहे पण कागद नाही अशांसाठी आधीचं कौशल्य तपासून सर्टिफिकेट देणारी आरपीएलची सोय सरकारी कौशल्य योजनांमध्ये आहे, तिची जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. वायरिंगमध्येच जायचं असेल तर मात्र वायरमन ट्रेड दोन वर्षांचा आहे, त्याला शॉर्टकट नाही.

तर दादा, सहा महिने ठरवून करा. एक साधी वही, रोजची तारीख, काम, सांगितलेला दर, मिळालेले पैसे, लागलेला वेळ, आणि शेवटचा रकाना परत जावं लागलेल्या कामांचा. तो रकाना लपवू नका, महिन्याला चार-पाच वेळा एकाच प्रकारच्या कामाला परत जावं लागत असेल तर ते काम तुम्हाला अजून येत नाही, ते शिका नाहीतर यादीतून काढा. दर रविवारी वही वहिनींच्या समोर ठेवा, बेरीज त्यांनाच करू द्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळा खर्च जाऊन १५ हजारही हातात राहत नसतील तर नोकरी घ्या आणि हे काम शनिवार-रविवारी चालू ठेवा, तशी चालवणारी माणसं भरपूर आहेत. राहत असतील तर नोकरीचा विषय त्याच रविवारी दोघांनी बसून संपवा. आणि ग्रुपवरचा मेसेज मात्र याच आठवड्यात टाका, पुढच्या रविवारी परत कोणाचा तरी फोन येणारच आहे.